कपाटातील दगड

गेल्या वर्षी शाळेची वार्षिक तपासणी झाली, तेव्हा तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यांची दृष्टी आमच्या कार्यालयातील एका जुन्या लाकडी कपाटावर स्थिरावली. वरच्या दोन फळ्यांवर हजेरीपट आणि निकालपत्रके, खालच्या दोन फळ्यांवर दगड. प्रत्येक दगडाखाली कागदाची एक चिठ्ठी. ‘हे काय?’ असा प्रश्न आला. ‘जीवाश्म,’ असे आम्ही उत्तर दिले. ‘डेडस्टॉक रजिस्टरात नोंद आहे?’ नोंद नव्हती. सायंकाळी शेऱ्यांच्या वहीत एक वाक्य उमटले. त्याचा आशय असा, की मुख्याध्यापकांनी शाळाबाह्य छंदास शाळेच्या जागेत व शाळेच्या वेळेत थारा देऊ नये.

शेरा लिहिणारे गृहस्थ सज्जन होते. त्यांनी अन्याय केला असे आम्ही म्हणणार नाही. उलट त्यांनी विचारलेला प्रश्न आम्ही स्वतःस अनेकदा विचारलेला आहे. ज्याच्या हाती चारपाचशे मुलांचा दिवस सोपविलेला आहे, त्याने त्या दिवसातील काही भाग दुसऱ्याच कशास द्यावा काय? आणि मराठी विषय घेऊन एम.ए. झालेल्या माणसाने दगडांत डोके घालावे, यास व्यासंग म्हणावे की पळवाट? या महिन्यात या प्रश्नाचा जरा सविस्तर विचार करावा असे मनात आहे. त्यासाठी आधी एका जुन्या शाळामास्तरांची गोष्ट सांगितली पाहिजे.

स्टीफन हिस्लॉप हे नाव नागपूरकरांस महाविद्यालयामुळे परिचित आहे. ज्यांची मुलेबाळे तेथे शिकली त्यांच्यापैकी कितीजणांनी हा मनुष्य कोण, असे विचारले असेल, हे मात्र सांगता येत नाही. त्यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधील डन्स या गावी झाला. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी म्हणून १८४५ साली ते नागपुरास आले. त्यावेळी गादीवर तिसरे रघूजी भोसले होते. १८४६ मध्ये हिस्लॉप यांनी शाळा उघडली आणि पुढे मृत्यूपर्यंत ती सांभाळली. त्याच रोपट्याचे १८८३ मध्ये महाविद्यालय झाले. त्यांचा मूळ हेतू धर्मप्रसाराचा होता, आणि आपल्या वाडवडिलांस त्याविषयी जी अढी वाटली ती स्वाभाविकच होती. तो वाद येथे उकरून काढण्याचे प्रयोजन नाही. आम्हांस येथे हवे आहेत ते शाळा सुटल्यानंतरचे हिस्लॉप.

शाळा सुटल्यानंतर हे गृहस्थ नागपूरभोवतीच्या टेकड्या धुंडाळीत. सोबतीस त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर असत. हेच हंटर पुढे मायदेशी जाऊन इंग्रजीतील एका विस्तृत कोशाचे संपादक झाले. १८५१ च्या सुमारास नागपूरच्या पश्चिमेस टाकळी येथे या दोघांस काळ्या दगडाच्या थरांमध्ये दबलेला एक गाळाचा पातळ थर आढळला. आज ती टाकळी शहराच्या पोटात गेली आहे. त्या थरात शंख होते, बिया आणि फळे होती, इतकेच नव्हे तर भुंगेऱ्यांच्या पाठीवरील कठीण पंखांचे ठसेही होते.

या शोधाचे मर्म कळण्यासाठी आपल्या पायाखालच्या जमिनीकडे पाहिले पाहिजे. माळव्याची, वऱ्हाडाची आणि मराठवाड्याची काळी माती ज्या खडकाची झीज होऊन बनली, तो खडक म्हणजे थिजलेला लाव्हारस. तो एकाच वेळी ओतला गेला नाही. एक प्रवाह वाहून थंड झाला, त्यावर पाऊस पडला, खोलगट जागी तळी साचली, काठाला झाडे आली, पाण्यात गोगलगाई नांदू लागल्या. मग पुन्हा लाव्हा आला आणि ते सारे झाकून गेला. दोन प्रवाहांमध्ये सापडणारा हा गाळ म्हणजे अग्नीच्या दोन स्वाऱ्यांमधील शांततेचा काळ होय. वह्यांच्या गठ्ठ्यात एखादे जाळीदार पिंपळपान राहून जावे, तसा तो थर राहिला आहे.

पण तेथे तळेच होते, समुद्र नव्हता, हे कशावरून? येथे अपृष्ठवंशी प्राण्यांची, म्हणजे पाठीचा कणा नसलेल्या जीवांची, साक्ष उपयोगी पडते. टाकळीच्या थरातील शंख हे फायसा, लिम्नीया अशा गोड्या पाण्यातील गोगलगाईंच्या कुळांचे निघाले. लिम्नीया कुळातील गोगलगाई आजही आपल्याकडील तळ्यांत सापडतात. प्रचंड हाडे पाहून लोक थक्क होतात हे खरे; परंतु पाणी गोडे की खारे, उथळ की खोल, वाहते की साचलेले, या प्रश्नांची उत्तरे हाडांपेक्षा असे क्षुद्र शंखशिंपलेच बहुधा अधिक नेमकी देतात. जीव जेथे जगला तेथेच तो मेला, आणि फार दूर गेला नाही, हा त्यांचा गुण.

यातील एका शंखाविषयी घरातील वडीलधाऱ्यांस सांगण्याजोगी एक गंमत आहे. फायसा प्रिन्सेपी असे त्याचे शास्त्रीय नाव सॉवर्बी या शास्त्रज्ञाने १८४० मध्ये ठेवले. त्याचे नमुने मालकमसन नावाच्या लष्करी डॉक्टरने, हैदराबादकरांस परिचित असलेल्या निर्मळच्या बाजूच्या डोंगरांतून आणि नागपूरकडून, हिस्लॉप यांच्याही आधी गोळा केले होते. हा शंख हाती घेऊन टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरले, तर तोंड डाव्या बाजूस येते. बहुतेक सर्व शंखांचे तोंड अशा वेळी उजवीकडे असते. म्हणून शास्त्रज्ञ यास वामावर्ती म्हणतात. आता आपल्या पूजेतील दुर्मिळ दक्षिणावर्ती शंख असाच टोक वर करून धरा. त्याचेही तोंड डावीकडेच येईल! आपण तो उलटा, टोक खाली करून धरतो, म्हणून त्यास दक्षिणावर्ती म्हणतो. वळण एकच, धरण्याची रीत निराळी, म्हणून नावे परस्परविरुद्ध. शब्दांवरून हमरीतुमरीवर येण्यापूर्वी समोरच्याने शंख कसा धरला आहे ते पाहावे, हे आम्ही यावरून शिकलो.

आणि शंखाचीच गोष्ट कशाला? ज्या घरी शाळिग्राम आहे, त्या घरी अपृष्ठवंशी जीवाश्म पिढ्यान्‌पिढ्या पुजला जात आहे. नेपाळातील गंडकीच्या पात्रातून येणाऱ्या त्या काळ्या दगडातील चक्र हे अमोनाइट नावाच्या समुद्री प्राण्याच्या कवचाचे वेटोळे आहे. तो प्राणी केव्हाच नामशेष झाला. ज्या समुद्रात तो पोहत होता, त्याचा तळ उचलला जाऊन हिमालयात गेला. यात श्रद्धेला बाध येण्याजोगे काही आहे असे आम्हांस वाटत नाही. तुळशीच्या लग्नात ज्यास आपण वराच्या पाटावर बसवितो, तो एवढा वयोवृद्ध आहे, हे कळल्याने हात अधिकच आदराने जोडले जातात.

पुन्हा हिस्लॉप यांच्याकडे वळू. १८५३ मध्ये रघूजी वारले आणि १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाले. त्या धामधुमीच्या काळात हे मास्तर शाळेचे तास घेत होते आणि दगडांची टिपणे करीत होते. १८५५ मध्ये नागपूर परिसराच्या भूस्तरांविषयी त्यांचा व हंटर यांचा निबंध लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या त्रैमासिकात प्रसिद्ध झाला. १८६० मध्ये त्याच त्रैमासिकात हिस्लॉप यांनी लाव्हाच्या थरांशी निगडित असलेल्या गाळांतील शंखांची वर्णने दिली. त्यांत नागपूरच्या गोड्या पाण्यातील शंख तर होतेच, पण राजमहेंद्रीकडील खाऱ्या पाण्यातील शंखही होते. भुंगेऱ्यांच्या पंखांचे वर्णन मात्र त्यांनी स्वतः केले नाही; ते अँड्र्यू मरे यांच्याकडे सोपविले. सायप्रिस नावाच्या, दोन झडपांच्या कवचात राहणाऱ्या अतिसूक्ष्म जीवांचे काम रूपर्ट जोन्स यांस दिले. नागपूरच्या दक्षिणेकडील मांगली येथे सापडलेली एक प्राचीन कवटी रिचर्ड ओवेन यांच्यापर्यंत गेली, आणि वनस्पतींचे अवशेष चार्ल्स बनबरी यांनी अभ्यासिले.

आपल्याला काय येते याबरोबरच काय येत नाही हेही या माणसास ठाऊक होते. जे येत नाही ते दडवून ठेवण्याऐवजी, ज्यास येते त्याच्याकडे नमुना काळजीपूर्वक बांधून पाठवावा, ही त्यांची रीत. एका आडबाजूच्या गावातील मास्तराकडून जगाच्या ज्ञानात भर पडली ती या रीतीमुळे. जगानेही त्यांचे नाव राखले. नागपूरच्याच पाण्यातील एका सूक्ष्म, वसाहत करून राहणाऱ्या प्राण्यास एच. जे. कार्टर यांनी १८५८ मध्ये हिस्लोपिया असे नाव दिले, आणि एका हिरवट खनिजास हिस्लोपाइट म्हणू लागले.

परंतु त्यांची एक मोठी चूक झाली, तीही सांगितली पाहिजे. त्यांनी हे शंखांचे थर टर्शरी कालखंडातील, म्हणजे बरेच अलीकडचे, ठरविले. पुढे किरणोत्सर्गी द्रव्यांच्या साहाय्याने खडकांची वये काढण्याची पद्धत आली, लाव्हाच्या खालच्या व मधल्या थरांत डायनोसॉरचे अवशेष मिळाले, आणि टाकळीसारखे थर क्रिटेशस कालखंडाच्या अगदी अखेरचे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांहून जुने, असे मानले जाऊ लागले. म्हणजे ज्या गोगलगाई हिस्लॉप खिशात घालून शाळेत परतत होते, त्या डायनोसॉरांच्या शेवटच्या पिढ्यांच्या शेजारणी होत्या, आणि त्यांस याची कल्पनाही नव्हती. असे असूनही त्यांचे काम वाया गेले नाही. कोणता शंख कोठल्या थरात मिळाला, याची त्यांनी चोख नोंद ठेवली होती. अनुमान चुकले तरी नोंद खरी होती, म्हणून पुढच्यांना अनुमान सुधारता आले. गणिताचा पेपर तपासताना उत्तर चुकले तरी आपण रीतीला गुण देतो, ते याच न्यायाने.

४ सप्टेंबर १८६३ रोजी, नागपूरजवळच्या टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना, पावसाने भरलेला ओढा घोड्यावरून ओलांडताना हिस्लॉप बुडाले. शेहेचाळीसावे वर्ष पूर्ण व्हावयास चार दिवस उरले होते. गोंड लोकांच्या भाषेविषयी व चालीरीतींविषयी त्यांनी केलेली टिपणे अपुरीच राहिली होती. लिंगोची गोंडी कथा त्यांतच होती. सर रिचर्ड टेंपल यांनी ती टिपणे संपादित करून १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. कागद जपून ठेवलेले होते म्हणूनच दुसऱ्याच्या हाती ते लागू शकले.

आता मूळ प्रश्न. अशा व्यासंगाने शाळेची चोरी होते काय? होऊ शकते, हे मान्य केले पाहिजे. मुले वर्गात वाट पाहत असताना मास्तर कार्यालयात भिंग लावून बसले, तर ती चोरीच होय. पण दुसऱ्या बाजूचीही एक चोरी असते. ज्या मास्तराने वीस वर्षांत स्वतः नवे काही शिकले नाही, तो मुलांपासून काय चोरतो याचा हिशेब कोणत्याच वहीत लिहिला जात नाही. त्या चोरीचा एक पुरावा आमच्याजवळ आहे आणि तो आमच्याच विरुद्ध आहे. तो सांगावयाचा तर थोडे स्वतःविषयी लिहावे लागेल. त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी.

सुमारे वीस वर्षांपूर्वी आम्ही धार जिल्ह्यातील एका खेड्यात शिक्षक होतो. सातवीचा भाषेचा तास चालू होता. एक मुलगा उशिरा आला. त्याच्या मुठीत पेरूएवढा गोल दगड होता. तो पुढे करून म्हणाला, ‘सर, यावर फूल आहे.’ आम्ही पाहिले. खरोखरच पाच पाकळ्यांचे, कोणी कोरून काढावे तसे, फूल त्यावर होते. आम्ही म्हणालो, ‘उशीर झाला तो झाला, आणि वर दगड घेऊन आलास? टाकून ये बाहेर.’ वर्ग हसला. मुलगा दारापर्यंत गेला, दगड टाकून आला आणि मागच्या ओळीत बसला. त्यानंतर वर्षभरात त्याने आम्हांस काहीही आणून दाखविले नाही. पुढील वर्षी तो शाळेत आला नाही. गुजरातेकडे मजुरीस गेलेल्या कुटुंबांपैकी ते एक, एवढेच कळले.

पुढे काही वर्षांनी इंदूरच्या एका ग्रंथालयात जुनी पुस्तके चाळताना तेच फूल आम्हांस एका चित्रात दिसले. ते फूल नव्हते. ते समुद्री सजवाच्या, म्हणजे काटेरी गोल समुद्री प्राण्याच्या, कवचावरील पाच पट्टे होते. त्या पट्ट्यांतील सूक्ष्म छिद्रांतून त्याचे नळीसारखे पाय बाहेर येत. ज्या बाघची लेणी आपण सर्वांनी निदान चित्रांत पाहिली आहेत, त्या बाघच्या परिसरात सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी समुद्राचा एक फाटा शिरला होता, आणि त्याच्या गाळात असे सजीव, कालवे, शिंपले आणि अमोनाइट सापडतात. डंकन यांनी तेथील काटेरी प्राण्यांची वर्णने १८६५ मध्येच प्रसिद्ध केली होती. प्रमथनाथ बोस यांचा नर्मदेच्या खालच्या खोऱ्याविषयीचा विस्तृत ग्रंथ १८८४ चा. पुढे मयूरभंजच्या लोहखनिजाकडे ज्यांनी टाटांचे लक्ष वेधले, तेच हे बोस. तेथील एका चुनखडीस पोवळ्यांची चुनखडी असे नाव पडले आहे, आणि ती मुख्यतः पोवळ्यांची नसून ब्रायोझोआ नावाच्या निराळ्याच वसाहती प्राण्यांची आहे. हिस्लोपिया याच वर्गातला. हे सारे दीडशे वर्षे छापील स्वरूपात पडून होते. आमचा वर्ग त्या खडकावरच भरत होता. आम्हांस ते ठाऊक नव्हते, एवढ्यापुरता आमचा दोष नाही. सर्वांस सर्व कसे ठाऊक असावे? पण ‘हे काय आहे ते मला ठाऊक नाही, आपण शोधू,’ असे म्हणण्यास विद्या लागत नव्हती. ते आम्ही म्हटले नाही.

आमचा छंद त्या ग्रंथालयातून सुरू झाला. त्यात विद्वत्ता नाही. आम्ही कोणताही नवा जीव शोधून काढलेला नाही आणि काढू असा भ्रमही नाही. रविवारी आणि सुट्टीत पाहणे, वाचणे, कोणी काही आणले तर ठिकाण विचारून ठेवणे, आणि न कळल्यास जाणत्यास विचारणे, इतकेच. ज्या वाचकांच्या मुलांस अशी आवड असेल त्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. संरक्षित क्षेत्रातून काही उचलू नये आणि कोठेही खडक फोडून काढू नये. छायाचित्र घेऊन जवळच्या महाविद्यालयातील भूविज्ञान विभागास कळवावे. आणि सुटा पडलेला दगड हाती आलाच, तर तो कोठे मिळाला हे त्याच दिवशी लिहून ठेवावे. ठिकाण हरवलेला जीवाश्म म्हणजे पानावरून फाटून निघालेले अक्षर. ते कोणत्या शब्दातले, हे मग कोणासच सांगता येत नाही.

शेऱ्याचे आम्ही काय केले, हे सांगावयाचे राहिले. शेरा रीतसर मान्य केला. डेडस्टॉक रजिस्टरात नोंद केली: दगड, नमुने, नग ४३, किंमत शून्य. भिंग घरी नेले. त्याशिवाय एक वेगळी वही घातली. तिचे रकाने चार: कोणी आणले, कोठे मिळाले, केव्हा, आणि काय आहे. ही वही मधल्या सुट्टीत मुलेच भरतात. गेल्या महिन्यात सहावीतील एका मुलीने छिद्रांछिद्रांचा एक हिरवट तुकडा आणला. तो वीटभट्टीतील वितळून गोळा झालेल्या विटेचा निघाला. चौथ्या रकान्यात तिने तसे स्वच्छ अक्षरात लिहिले आणि तुकडा चिठ्ठीसह खालच्या फळीवर ठेवला.

निवृत्तीस आता फार वर्षे उरलेली नाहीत. आमच्या मागे या कपाटाचे काय होईल, ते येणाऱ्या मुख्याध्यापकांच्या मनावर आहे. त्यांस फळ्या रिकाम्या हव्या असतील तर दगड गेले तरी चालतील. वही ठेवावी, एवढे आम्ही सांगून जाणार आहोत. त्या वहीच्या पहिल्या पानावरील पहिली ओळ अर्धीच भरलेली आहे. चौथ्या रकान्यात ‘समुद्री सजीव, पाच पट्टे स्पष्ट’ असे आम्ही आमच्या हाताने लिहिले आहे, आणि तिसऱ्यात साल. आणणाऱ्याचे नाव आम्हांस पाठ आहे. पण ते त्यानेच येऊन लिहावे अशी इच्छा आहे, आणि दगड कोठे मिळाला होता हेही त्यालाच ठाऊक आहे. तो आता तिशी ओलांडलेला असेल. त्या रकान्यांत आम्ही अद्याप काही लिहिलेले नाही.